जनावरांपुरती भाषा

आमच्या डॉक्टरांनी मला कामावर घेतलं ते एका पाणमांजरामुळे.

मी परभणीला जनावरांची डॉक्टर झाले. पुढची काही वर्षं गावोगावी मोटरसायकलवर हिंडून अडलेल्या म्हशी सोडवल्या, बैलांच्या सुजलेल्या खांद्यांना औषधं लावली, शेळ्यांना लसी टोचल्या. मग लग्न झालं आणि नवऱ्याच्या आयटीतल्या नोकरीमागोमाग कॅनडात, हॅलिफॅक्सला आले. इथे माझी पदवी जशीच्या तशी चालत नव्हती, वेगळ्या परीक्षा द्यायच्या होत्या. लेखी परीक्षा पास झाले. शेवटची, प्रत्यक्ष शस्त्रक्रियेची, तिथे मात्र मी नापास झाले. परीक्षक पाठीमागे येऊन उभे राहिले की माझे हात थरथरायला लागायचे. पुन्हा त्या वाटेला जायचं नाही असं मी ठरवून टाकलं आणि कुठल्या तरी दवाखान्यात निदान मदतनीस म्हणून घेतात का, ते बघत फिरू लागले.

बंदराच्या पलीकडे, फेरीबोटीतून उतरून थोडा चढ चढून गेलं की डॉक्टरांचा दवाखाना. मी गेले तेव्हा ते तपासणीच्या खोलीत फरशीवर पाय पसरून बसले होते. साठीच्या पुढचे, चेहरा लांबोडका, कोपरावर विरलेला हिरवा स्वेटर. मांडीवर एका म्हाताऱ्या बीगल कुत्र्याचं डोकं, आणि ते त्याचा कान उलटा करून आत बघत होते. मी माझा रेझ्युमे पुढे केला. त्यांनी तो घेतला आणि न बघताच घडी करून बीगलच्या पाण्याच्या भांड्याखाली सरकवला, कारण भांडं डुगडुगत होतं.

"तुझी भाषा कोणती?"

"मराठी."

"मराठीत ऑटरला काय म्हणतात?"

मला वाटलं ही काही तरी परीक्षाच आहे. "पाणमांजर," मी म्हणाले. "म्हणजे पाण्यातलं मांजर."

त्यांनी बीगलचा कान सोडला. "मांजर? कुत्रं नाही?"

"नाही. मांजरच."

"आयरिशमध्ये मॅद्रा इश्का. पाण्यातलं कुत्रं." ते जरा रागावल्यासारखे दिसले. "तुमच्या लोकांनी नीट बघितलेलं नाही."

आता मलाही राग आला. नोकरी मिळणार नाही हे तर दिसतच होतं. "डॉक्टर, त्याच्या मिशा मांजराच्या असतात, मासा खाल्ल्यावर ते मांजरासारखं तोंड पुसतं, आणि बोलावलं तर येत नाही. कुत्रं कसं असेल?"

ते इतक्या मोठ्यानं हसले की बीगल दचकून उठलं. "सोमवारी ये," म्हणाले. "ह्यावर बोलू."

त्यावर आम्ही पुढे कितीतरी वर्षं बोलत राहिलो. निकाल काही लागला नाही.

डॉक्टर आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका खेड्यात जन्मलेले. लहानपणीच इकडे आले, पण इंग्रजी बोलताना शब्दांच्या शेवटी एक हेल तिकडचा राहिलेला होता. जनावर आलं की त्याच्या कार्डावर ते आयरिश नाव लिहायचे, आणि पुढच्या टेबलावर बसणारी शॅरन, जी दवाखाना निघाला तेव्हापासून तिथे होती, ती कुरकुरत कॉम्प्युटरमध्ये त्याचं इंग्रजी करायची. जनावराशी ते इंग्रजीत एक अक्षर बोलत नसत. माणसांवर ओरडायचं ते इंग्रजीत. कुत्र्याला गोंजारायचं, मांजराला समजवायचं, सशाला धीर द्यायचा, ते सगळं आयरिशमध्ये, अगदी हलक्या आवाजात.

दुसरी त्यांची खोड म्हणजे फरशी. कुत्र्याला ते टेबलावर चढवत नसत. स्वतः खाली बसायचे, आणि मालकालाही खाली बसवायचे. सूट घातलेले बँकेतले साहेब असोत की गुडघे दुखणाऱ्या आजी, "खाली या, त्याला तुमचे फक्त बूट दिसतायत," असं म्हणायचे. आजींसाठी एक उशी ठेवलेली होती, सूटवाल्यांना तीही नाही. इतरांना त्याचा त्रास व्हायचा. मला उलट बरं वाटायचं. माझी सगळी विद्या गोठ्यात उकिडवं बसून शिकलेली. हॅलिफॅक्समध्ये आल्यापासून मी जे जे काम केलं त्यात पाय मुडपून बसायची मुभा असलेलं हे पहिलंच.

पहिल्या उन्हाळ्यात एक बाई लॅब्रेडॉर घेऊन धावत आल्या. समुद्रात पोहायला गेला आणि तोंड सुजलं, सारखा पंजानं नाक घासतोय. डॉक्टरांनी ओठ उचलून बघितला आणि गंभीरपणे म्हणाले, "सीलचा शेंबूड लागलाय."

बाई पांढऱ्याफटक पडल्या. "काय लागलाय?"

"स्मुगर्ले रोन. सीलचा शेंबूड. तुम्ही जेलीफिश म्हणता त्याला. पण तुम्हीच सांगा, वाळूवर पडलेलं बघितल्यावर ते जेलीसारखं दिसतं की शेंबडासारखं?"

शॅरननं नंतर त्यांना चांगलं सुनावलं. ते म्हणाले, "वटवाघळाला कातड्याचा पंख म्हणतात. लेडीबग किड्याला देवाची छोटी गाय. आमच्या लोकांनी जे दिसलं ते सांगितलं, त्यात माझा काय दोष?"

फेरीच्या धक्क्याजवळच्या खांबांवर पंख पसरून बसणारे काळे पक्षी मी रोज बघायची. त्यांना आयरिशमध्ये काळी म्हातारी म्हणतात हे त्यांनी सांगितलं, आणि मी सांगितलं की आम्ही पाणकावळा म्हणतो. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. "पाणमांजर, पाणकावळा. अजून?"

"पाणकोंबडी. पाणघोडा, म्हणजे हिप्पो."

"तुम्ही लोक जमिनीवरचं जनावर उचलता आणि पाण्यात ढकलता!" ते म्हणाले, आणि मग जरा विचार करून, "आम्ही तरी काय वेगळं करतो म्हणा. डॉल्फिनसारख्या पॉरपॉइजला समुद्रातलं डुक्कर म्हणतो."

पण आमची खरी मैत्री झाली ती साळिंदरामुळे. इथल्या जंगलात साळिंदरं पुष्कळ, आणि एकदा काटे खाऊनही शहाणं न होणारी कुत्रीही पुष्कळ. असंच एक कुत्रं आलं, थोबाडभर काटे. भूल देऊन आम्ही दोघं समोरासमोर बसून एकेक काटा चिमट्यानं ओढत होतो. डॉक्टर म्हणाले, साळिंदर आयर्लंडमध्ये नाहीच, त्यामुळे त्याचा शब्द त्यांना शब्दकोशात बघावा लागला होता. त्याचा अर्थ फांद्या फुटलेला छोटा रानडुक्कर. आणि तुमच्यात?

"साळिंदर, किंवा साळू. मूळ संस्कृत शब्द शल्य. शल्य म्हणजे बाण, रुतलेला काटा. सर्जरीला आम्ही शल्यकर्म म्हणतो, अंगात घुसलेला बाण काढायचं काम."

त्यांचा चिमटा हवेतच राहिला. "म्हणजे तुमच्या भाषेत सर्जन तो, जो काटे उपटतो?"

"मूळ अर्थ बघायला गेलं तर तसंच."

"मग आपण आत्ता जे करतोय," ते म्हणाले, "ते खरं मूळ काम." त्यानंतर बराच वेळ ते मधूनमधून खुशीत मान हलवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी आलेल्या प्रत्येक माणसाला त्यांनी ही गोष्ट सांगितली. गोल्डफिश घेऊन आलेल्या शाळकरी मुलीलासुद्धा.

अस्वलाचा जुना आयरिश शब्द आहे, त्याचा अर्थ चांगलं वासरू. अस्वलाची एवढी भीती की त्याचं खरं नाव घ्यायचं नाही, गोड बोलून दूर ठेवायचं. मी त्यांना सांगितलं, आमच्याकडे अंधार पडल्यावर साप म्हणत नाहीत, लांबडं म्हणतात, नाही तर नुसतं जनावर. ते म्हणाले, लांडग्याचंही तसंच. मक टीरे, म्हणजे मातीचा मुलगा, ह्या भूमीचा लेक. "आयर्लंडमधला शेवटचा लांडगा कधीच मारला गेला. जनावर गेलं, शब्द राहिला. इथे कॅनडात जनावर आहे, शब्द नाही."

हे सगळं ऐकून मला वाटायचं, ह्या माणसाला आयरिश म्हणजे किती येत असेल! शॅरनलाही तसंच वाटायचं, येणाऱ्याजाणाऱ्यालाही. मग एका हिवाळ्यात एक तरुण मुलगी मांजर घेऊन आली. आयर्लंडहून विद्यापीठात संशोधनाला आलेली, आणि जिथे अजून घरोघरी आयरिश बोलतात अशा भागातली. डॉक्टर मांजराशी बोलत होते ते तिनं ऐकलं आणि तिचा चेहरा एकदम उजळला. ती भरभर आयरिशमध्ये बोलू लागली. मी कौतुकानं डॉक्टरांकडे बघितलं.

डॉक्टर लाल झाले. नुसतं "हं" म्हणाले. मुलीनं हसत अजून काही तरी विचारलं. त्यांनी हातमोजे काढले, पुन्हा घातले. मग इंग्रजीत म्हणाले, "टेम्परेचर ठीक आहे. औषध जेवणानंतर द्या." मुलगी गोंधळली. मांजर उचलून थँक यू म्हणत निघून गेली.

मी मागच्या खोलीत चहा करत होते तिथे ते आले आणि औषधांच्या खोक्यावर बसले.

"तुला वाटत होतं, मला ती भाषा येते."

"येत नाही?"

"मला नावं येतात. आणि ये, थांब, सरक, हळू, झालं हं झालं. एवढंच. तिनं काय विचारलं ते मला कळलंसुद्धा नाही. कदाचित फक्त कसे आहात, एवढंच विचारलं असेल."

मी त्यांच्या हातात कप दिला. त्यांनी तो नुसता धरून ठेवला आणि सांगू लागले. त्यांची आई लवकर गेली होती. घरात वडील आणि ते. वडिलांची भाषा आयरिश. पण मुलाला इंग्रजी आलं पाहिजे, मुलगा मोठा झाला पाहिजे, म्हणून ते मुलाशी इंग्रजीतच बोलायचे, आणि ते त्यांना धड येत नव्हतं. त्यामुळे बापलेकाचं बोलणं दोन-चार शब्दांत संपायचं.

"पण गोठ्यात गेले की गायीशी तासन्‌तास बोलायचे. कुत्र्याशी बोलायचे, कोंबड्यांशी भांडायचे. समुद्रावर सील दिसला तर त्यालाही काही तरी सांगायचे. मी गोठ्याच्या दाराशी उभा राहून ऐकायचो. मला वाटायचं, आपण गाय असतो तर बरं झालं असतं."



"मग गुरं विकून आम्ही बोटीनं इथे आलो. वडील गोदीत कामाला लागले. इथे आमच्याकडे गुरं नव्हती." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "मग ते ती भाषा कुणाशी बोलणार?"

आमच्या इथल्या गणपतीला चार घरची मंडळी जमतात. आया मराठीत विचारतात, मुलं इंग्रजीत उत्तर देतात, आणि मग हळूहळू आयाही इंग्रजीतच विचारायला लागतात. त्या दिवशी परतताना फेरीत मला हे सगळं दिसत राहिलं.

त्यानंतर काही दिवस डॉक्टरांनी आयरिश बंद केलं. कार्डावर सरळ डॉग, कॅट असं लिहू लागले. शॅरनचं काम हलकं झालं, तरी तिलाच ते सगळ्यात जास्त लागलं. "तो बरा नाहीये," ती मला सारखी म्हणायची. जनावरांना ते मुकाट्यानं तपासायचे, आणि जनावरंही, खरं सांगते, नेहमीपेक्षा जास्त अंग चोरायची.

अशातच बडी आला. हस्कीचा काही अंश असलेलं थोराड करडं कुत्रं, पिवळे डोळे. मालकाची टोरोंटोला बदली झाली होती.

"काँडोच्या फ्लॅटमध्ये एवढं मोठं कुत्रं अलाउड नाही," मालक म्हणाला. "आणि परवा हा कुरिअरवाल्यावर धावून गेला. ह्याला कुणी घेणार नाही. कायमचं झोपवून टाका."

"मी धडधाकट जनावराला झोपवत नाही," डॉक्टर म्हणाले.

"मग दुसरीकडे नेतो."

डॉक्टर बडीकडे पाठ करून फरशीवर बसले आणि बसूनच राहिले. मालक घड्याळ बघत होता. बडी कोपऱ्यात गुरगुरत होता. बऱ्याच वेळानं तो गुरगुरायचा थांबला, दबकत पुढे आला आणि त्यानं डॉक्टरांची मान हुंगली. डॉक्टर वळले नाहीत. हळूच म्हणाले, "मक टीरे."

दारात उभ्या असलेल्या शॅरननं तोंडावर हात ठेवला.

"तुम्ही जा," डॉक्टर मालकाला म्हणाले. "हा इथेच राहील."

तेव्हापासून बडी डॉक्टरांचा झाला. दिवसा दवाखान्यात त्यांच्या खुर्चीमागे, संध्याकाळी त्यांच्याबरोबर घरी. डॉक्टर गाडी चालवत नसत, बर्फातूनही चालत यायचे, आता दोघं यायला लागले. आयरिश पुन्हा सुरू झालं, आधीपेक्षा जोरात. शॅरन पुन्हा कुरकुरू लागली.

आणि मग एका सकाळी बडी त्यांना चावला. त्याच्या कानाला इन्फेक्शन झालं होतं, डॉक्टर ते साफ करत होते, आणि त्याच क्षणी बाहेरून बर्फ काढणारी गाडी रस्ता खरवडत मोठ्यानं आवाज करत गेली. मी धावत आत गेले तेव्हा डॉक्टर उजवा हात छातीशी धरून बसले होते, स्वेटरवर रक्त, आणि बडी भिंतीला चिकटून थरथरत होता.

"त्याला कुणी काही बोलू नका," डॉक्टर म्हणाले. "त्याचा कान दुखत होता आणि मी घाईत होतो."

हाताचं ऑपरेशन झालं. दोन बोटं पुन्हा नीट वळली नाहीत. सुई धरता येईना, टाका घालता येईना. शॅरन एकदा मला मागच्या खोलीत रडत म्हणाली, त्यानं बडीच्या त्या पहिल्या मालकाचं ऐकलं असतं तर. डॉक्टरांनी ते दारातून ऐकलं असावं. ते आत आले, बडीच्या कानात औषध घालायची बाटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता हे तू कर. आणि तुझा परीक्षेचा अर्ज कुठे आहे?"

"डॉक्टर, ते मी सोडून दिलंय."

"का?"

"कुणी मागे उभं राहिलं की माझे हात थरथरतात."

"बरं," ते म्हणाले. "मग मी मागे उभा राहतो."

आणि ते खरंच उभे राहिले. रोज दुपारी. खाटकाकडून आणलेल्या डुकराच्या कातडीवर मी टाके घालायचे आणि डॉक्टर माझ्या मानेवर श्वास सोडत मागे उभे. खोकायचे. स्टीलचा ट्रे जमिनीवर पाडायचे. "अरेरे," असं उगाचच म्हणायचे. शॅरनला बोलावून तिलाही उभं करायचे आणि दोघं मिळून माझ्या टाक्यांबद्दल कुजबुजायची. कधी माझ्या कानाशी येऊन सगळ्या प्राण्यांची नावं एका दमात म्हणायचे, उंदरापासून देवमाशापर्यंत. सुरुवातीला मला रडू यायचं. मग राग यायला लागला. मग हसू यायला लागलं, आणि एक दिवस माझ्या लक्षात आलं की टाका सरळ पडलाय आणि हात स्थिर आहे.

परीक्षेच्या दिवशी परीक्षक येऊन माझ्या मागे उभे राहिले. ते खोकलेसुद्धा नाहीत. मला ते फार सोपं वाटलं.

पास झाल्याचं कळलं तेव्हा मी दवाखान्यातच होते. शॅरननं मला मिठी मारली, नवऱ्याला फोन केला, सगळं झालं. डॉक्टरांनी मान डोलावली. "मग आतल्या त्या बुलडॉगचे टाके आता तूच काढ," म्हणाले, आणि बडीला घेऊन बाहेर फिरायला गेले. खिडकीतून मला ते दिसत होते. रस्त्याच्या टोकापर्यंत गेले, थांबले, आणि डाव्या हातानं बराच वेळ डोळे पुसत राहिले.

ते निवृत्त झाले. समुद्राजवळ एक छोटं घर होतं त्यांचं, तिथे बडीबरोबर राहू लागले. दवाखाना नव्या माणसांनी घेतला, शॅरन आणि मी तिथेच राहिलो. टेबलांवर आता कुत्री चढू लागली होती, पण मोठ्या कुत्र्याला मी अजून खालीच बसून तपासते, आणि मालकांनाही खाली बसायला सांगते.

बडी म्हातारा झाला. मागचे पाय गेले, मग मूत्रपिंडं. एका सकाळी डॉक्टरांचा फोन आला, "आज येशील का?" एवढंच म्हणाले. मी बॅग घेऊन त्यांच्या घरी गेले.

ते फरशीवर बसले होते. बडीचं डोकं मांडीवर. मी पायावरचे केस काढले, सुई लावली आणि त्यांच्याकडे बघितलं. अशा वेळी ते जनावराच्या कानाशी वाकून आयरिशमध्ये बोलायचे, हे मी इतकी वर्षं बघितलेलं. ते वाकले. आणि इंग्रजीत म्हणाले, "यू आर अ गुड लॅड. यू आर ऑल राइट. आय ॲम हिअर, आय ॲम हिअर."

बडीनं कान हलवला. मी औषध सोडलं. सगळं झाल्यावरही ते तेच म्हणत राहिले.

बॅग भरताना माझ्यानं राहवलं नाही. "डॉक्टर, आज इंग्रजीत?"

"तो माझ्याकडे आला तेव्हा मोठा झालेला होता," ते म्हणाले. "त्याआधी त्याच्याशी सगळे इंग्रजीतच बोलायचे. ह्या वेळी तरी त्याला कळायला नको?"

नंतर त्या घरात त्यांना एकट्याला करमेना. मुलगी टोरोंटोजवळ ओकव्हिलला असते, ती येऊन त्यांना घेऊन गेली. तिकडून ते रविवारी फोन करायचे. तळ्याकाठचं गाव छान आहे, पण सगळी कुत्री स्वेटर घालतात, अशी तक्रार करायचे. गेल्या हिवाळ्यात ते गेले, झोपेतच. पण त्याआधी काही महिने त्यांचा एक फोन आला होता. तो रविवार नव्हता, दुपारची वेळ होती, आणि माझ्याकडे पेशंट होते. मला वाटलं काही झालं की काय.

"मी शाळेत जातोय," ते म्हणाले.

"कुठल्या?"

"आयरिशच्या. टोरोंटोला वर्ग असतो. लोकल ट्रेननं जातो. अगदी पहिलीत आहे. बाकी सगळी पंचविशीतली पोरं. बाई माझ्या मुलीपेक्षा लहान आहेत." ते धापा टाकत बोलत होते, इतके उत्साहात. "तुला माहितीय, आयरिशमध्ये मला भूक लागली असं म्हणत नाहीत. भूक माझ्यावर आहे असं म्हणतात. दुःखही माझ्यावर असतं. थंडीही. मला हे काहीच माहीत नव्हतं. गाय कधी सांगते का, मला भूक लागली म्हणून?"

मी हसले. ते हसले नाहीत.

"आज बाईंनी एक वाक्य शिकवलं. वर्गात सगळ्यांनी म्हटलं. मग त्या म्हणाल्या, घरी जाऊन कुणाला तरी म्हणून दाखवा. मुलगी ऑफिसला गेलीय. जावई मीटिंगमध्ये आहे."

"मग?"

"मग तुला लावला फोन. म्हणू का?"

"म्हणा, डॉक्टर."

त्यांनी घसा साफ केला. परीक्षेला बसलेल्या मुलासारखा त्यांचा आवाज कापत होता. "आरीम ऊअम हू."

"म्हणजे काय?"

"म्हणजे, तू माझ्यापासून लांब आहेस हे मला जाणवतंय. आय मिस यू म्हणतात ना, ते." थोडं थांबून म्हणाले, "तुमच्यात काय म्हणतात?"

"तुमची आठवण येते, असं म्हणतात."

"येते? कुठून येते?"

"ते नाही माहीत. येते."

बाहेर शॅरन मला हाक मारत होती, वेटिंग रूममध्ये कुणाचं तरी कुत्रं भुंकत होतं. मग ते म्हणाले, "पुन्हा म्हण. सावकाश."

मी एकेक शब्द सुटा करून म्हटलं. ते माझ्या मागोमाग म्हणत गेले, ण तर त्यांना काही केल्या जमेना. तीन वेळा अडखळले. चौथ्यांदा, माझ्या मदतीशिवाय, सबंध वाक्य म्हणाले.

"तुमची आठवन येते."

"मलाही, डॉक्टर," मी म्हणाले, मराठीतच, आणि दार लावून घेतलं.